देवगिरीचा हिशेबनीस

तेराव्या शतकात देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरी शार्ङ्गदेव हा जमाखर्चाचा अधिकारी होता. घराणे मूळचे काश्मीरचे. या हिशेबनिसाने ‘संगीतरत्नाकरा’त सुरांचाही हिशेब मांडला. प्रत्येक सूर एकदाच घ्यायचा, तर एकाची तान १, दोहोंच्या २, तिहींच्या ६, चोहोंच्या २४ आणि सातांच्या तब्बल ५०४०! खंडमेरूच्या कोष्टकावरून कितवी तान कोणती, हे तोंडाने न गाताच सांगता येई. वाचकहो, हे रुक्ष वाटेल खरे. पण त्याच ग्रंथात गंधार-निषाद करुणाला वाहिले आहेत, मध्यम-पंचम हास्य-शृंगाराला. ५०४० तानांतली रडवणारी कोणती, हे मात्र कोष्टक सांगत नाही. शार्ङ्गदेवालाही ते ठाऊक असावे. म्हणून तर रागांकडे वळल्यावर तो मोजणी सोडतो, रस सांगतो आणि आलाप लिहून देतो.