भिक्षेचा हक्क आणि हक्काची जागा

गावगाड्याचा हिशेब सांगताना आपले इतिहासकार बारा बलुतेदार आणि अठरा अलुतेदार मोजतात आणि वही मिटतात. त्या यादीत महार असतो, मांग असतो. कारण त्यांच्या श्रमाशिवाय गाव चालत नव्हते. पण दख्खनच्या गावांवर आणखी एका समूहाचा हक्क होता, आणि तो सरकारी सनदेने मिळालेला होता. तो हक्क हिजड्यांचा. मराठी राज्यात त्यांच्याकडे काही ठिकाणी इनाम जमिनी होत्या, काही ठिकाणी रोख नेमणुका होत्या, आणि ठरावीक गावांतून भिक्षा गोळा करण्याचा अधिकार होता. गुरू वारला की हे सारे चेल्याकडे जाई. लॉरेन्स प्रेस्टन ह्या अभ्यासकाने मुंबई सरकारच्या जुन्या दप्तरातून ही हकिगत १९८७ साली मांडली. आपल्याकडे ती फारशी कुणी वाचली नाही.

आज मी हे उकरून काढतो आहे त्याला कारण आहे. बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या अभ्यासवर्गांना मी जातो. तिथे शिक्षक असतात, महाविद्यालयातली मुले-मुली असतात, ग्रामपंचायतीत निवडून आलेल्या आपल्या वस्तीतल्या बाया असतात. गेल्या काही वर्षांत एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. स्त्री म्हणून जगणाऱ्या तृतीयपंथी व्यक्तीला स्त्रियांच्या हक्कांत वाटा द्यावयाचा काय? (हा शब्द मला खटकतो; हा काही पंथ नव्हे. पण रूढ आहे म्हणून वापरतो.) राखीव जागेवर ती उभी राहिली तर? वसतिगृहात, स्वच्छतागृहात, तुरुंगाच्या बराकीत ती आली तर इतर बायकांच्या सुरक्षिततेचे काय? इंग्लंडात ह्या वादाने स्त्रीवाद्यांत उभी फूट पाडली, आणि ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये तिथल्या समता कायद्यातील ‘स्त्री’ ह्या शब्दाचा अर्थ जन्माने स्त्री असाच केला. आपल्याकडचे विद्वान त्या वादातली कोणती तरी एक बाजू तयार उचलून आणतात आणि आपल्या गावावर डकवतात. मला ते मान्य नाही. आपला इतिहास निराळा आहे, आणि त्यात दलितांचा हिशेब गुंतलेला आहे.

१८३५-३६ साली गोल्डस्मिड आणि विंगेट ह्या अधिकाऱ्यांनी नव्या जमीनमोजणीचा श्रीगणेशा केला तो इंदापूर तालुक्यातच. शेताशेताची प्रत लागली, आकार ठरला, खातेदाराचे नाव कागदावर चढले. असे मोजणारे सरकार पुढे इनामांकडे वळणारच होते. १८५२ चा अकरावा कायदा झाला, इनाम कमिशन बसले, सनदा तपासल्या गेल्या. सरदार-जहागीरदारांनी केलेला आक्रोश इतिहासात मोठ्या अक्षरांत नोंदला गेला. हिजड्यांचा आक्रोश कुणी नोंदवला? देशाच्या कायद्याला किंवा सार्वजनिक सभ्यतेला बाध आणणारी वहिवाट पुढे चालवू नये, असे तत्त्व त्या व्यवस्थेत होते, आणि ते त्यांच्यावर चालवले गेले. गुरूची जमीन चेल्याकडे जाणे बंद झाले. भिक्षेच्या अधिकारामागचा सरकारी हात निघून गेला. देवस्थानांची इनामे मात्र चालू राहिली. बारामतीहून फार दूर नसलेल्या जेजुरीला मुली खंडोबाला वाहिल्या जात होत्या, आणि त्या मुली बहुतेक कुणाच्या होत्या हे आपल्याला माहीत आहे. सभ्यतेची फूटपट्टी कुणाच्या अंगाला लावायची हे साहेबाला बरोबर कळत होते.

ही हकिगत वाचून कुणी म्हणेल, पाहा, आपले जुने राज्य किती उदार होते! मी तसे म्हणणार नाही. बलुते हाही ‘हक्क’च होता, आणि त्याच्या बदल्यात महाराला रात्रंदिवस राबवून घेतले गेले. १९ मार्च १९२८ रोजी बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले ते हे जोखड काढण्यासाठी. वतने प्रत्यक्ष नष्ट व्हायला १९५८ चा कायदा यावा लागला. वतनाची भाकरी खरी असते, पण तिला मालक असतो. हिजड्यांचे वतनही राज्यकर्त्याच्या मर्जीवर आणि लोकांच्या आशीर्वाद-शापाच्या भयावर उभे होते. मर्जी फिरली, वतन गेले. आपल्याला वतन सोडा आणि शाळेत जा असे सांगणारा माणूस मिळाला. त्यांना तो मिळाला नाही. म्हणून आठवडी बाजारात टाळी वाजली की दुकानदार कपाळाला आठ्या घालून म्हणतो, “मागायला आले.”

आता ‘संरक्षण’ ह्या शब्दाकडे येऊ. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आपण भटक्या-विमुक्तांच्या संदर्भात वाचतो. त्याला दुसराही भाग होता, हे विसरतो. पहिला भाग जमातींसाठी. दुसरा ‘नपुंसक’ म्हणून नोंदवावयाच्या माणसांसाठी. तो उत्तरेकडच्या प्रांतांत लागू झाला. नोंद झालेल्याने बायकी वेषात चारचौघांत दिसणे, नाचणे हा गुन्हा. मुलगा सांभाळणे, दत्तक घेणे, मृत्युपत्र करणे बंद. आणि ह्या सगळ्याचे कारण काय सांगितले होते? मुलांचे संरक्षण. मुले पळवतात, खच्ची करतात.

मुलांच्या संरक्षणाचा मुद्दाच खोटा म्हणून झटकून टाकावा, असे माझे म्हणणे नाही. घराने हाकललेले अल्पवयीन पोर कुणाच्या तरी आश्रयाला जाते तिथे शोषणाला वाव असतोच. गुरू-चेल्याच्या व्यवस्थेत कमाईचा हिस्सा आहे, दंड आहे. आपण जातपंचायतीला सोडले नाही, तर ह्या व्यवस्थेलाही पवित्र मानण्याचे कारण नाही. परंतु त्या कायद्याने गुन्ह्याचा तपास केला नाही. अख्ख्या समूहाच्या अंगावर गुन्हा लिहून ठेवला. ही रीत काय असते ते पारध्यांना विचारा. कायदा १९५२ साली उठला, पण चोरी कुठेही झाली तरी पोलिसांची गाडी पालावरच येते.

स्त्रीच्या रक्षणाचा प्रश्न आपल्या चळवळीने कुणाकडून उसना आणलेला नाही. शिवराम जानबा कांबळे ह्यांनी ‘सोमवंशीय मित्र’मधून मुरळ्यांचा प्रश्न मांडला तो विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात. १६ जून १९३६ रोजी मुंबईत दामोदर हॉलमध्ये बाबासाहेब मुरळ्या, जोगतिणी, देवदासींपुढे उभे राहिले आणि हा धंदा सोडा असे त्यांना स्पष्ट सांगितले. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस चौकीत मथुरा ह्या आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. १९७९ साली सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडले. त्यातून उठलेल्या संतापामुळे १९८३ साली कायदा बदलला. म्हणजे आपल्या बाईला धोका कुठून आला हे कागदोपत्री आहे. देवळातून आला, चौकीतून आला, खैरलांजीत शेजारच्या घरांतून आला.

इंदापूरकडून नीरा ओलांडली की माळशिरस तालुका लागतो. तिथल्या तरंगफळ गावाने २०१७ साली ज्ञानदेव कांबळे ह्यांना थेट मतदानाने सरपंच केले. तृतीयपंथी सरपंच म्हणून वर्तमानपत्रांनी कौतुक केले आणि विषय संपला. खरा पेच उभा राहिला जळगावजवळच्या भादली बुद्रुकला. अंजली पाटील ह्यांनी स्त्रियांसाठी राखीव प्रभागातून ग्रामपंचायतीचा अर्ज भरला. २०२० च्या डिसेंबर अखेरीस तो फेटाळला गेला. त्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या. २ जानेवारी २०२१ रोजी न्यायमूर्ती रवींद्र घुगे ह्यांनी त्यांना स्त्री म्हणून उभे राहू दिले, आणि त्या निवडूनही आल्या. निकालातली एक गोष्ट महत्त्वाची आहे. संधी साधण्यासाठी पुढे पुन्हा पुरुष म्हणवून घेणार नाही, हयातभर स्त्रीच राहीन, असे त्यांचे वचन न्यायालयाने नोंदवून घेतले; उद्या तृतीयपंथीयांसाठी वेगळे आरक्षण आले तर तेवढा अपवाद.

ही हकिगत मी एका वर्गात सांगितली तेव्हा दोनदा पंचायतीवर गेलेली एक कार्यकर्ती उठली. म्हणाली, “सर, आमी खुर्चीवर बसाय लागलो त्याला किती वर्सं झाली? त्यातबी आता कुनीबी साडी नेसून यील आन् म्हनंल, मी बाई. मग आमची पाळी कवा?”

वर्गातली काही शिकलेली मुले हसली. मला ते हसणे आवडले नाही. त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती १९९३ साली अमलात आली, महाराष्ट्राने स्त्रियांचा वाटा २०११ साली पन्नास टक्के केला. दलित बाईच्या वाट्याला खुर्ची आली ती एवढ्यातच. आणि राखीव जागा लुटली जाते हे आपल्याइतके कुणाला ठाऊक आहे? खोटे दाखले काढून आदिवासींच्या, अनुसूचित जातींच्या नोकऱ्या बळकावणाऱ्यांच्या विरुद्ध आपणच ओरडलो. महाराष्ट्राला जातपडताळणीचा कायदा करावा लागला. खोट्या दाखल्यावरची नोकरी टिकणार नाही असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली बजावले. तेव्हा ‘मी म्हणतो म्हणून मी’ एवढ्यावर मोजक्या जागा वाटू नयेत, ही शंका प्रतिगामी नव्हे.

पण त्या बाईची खुर्ची आजवर कुणी बळकावली हेही पाहावे लागेल. सरपंचपतीने. त्याने साडी नेसण्याचेही कष्ट घेतले नाहीत.

शिवाय पडताळणी करावयाची तर कशाची? जातीला कोतवाल बुकातली नोंद असते, शाळेचा दाखला असतो. लिंगाची पडताळणी म्हणजे अंगाची तपासणी. ती दारात आली की फक्त तृतीयपंथीयांची होत नाही. जिचा आवाज घोगरा, जिची छाती सपाट, जी उंच, तिचीही होते. तामिळनाडूची शांती सौंदराजन, दलित मजुराची पोर, २००६ साली दोहाच्या आशियाई स्पर्धेत आठशे मीटरमध्ये रौप्यपदक जिंकली आणि लिंगचाचणीनंतर ते पदक गमावून बसली. बायकांच्या रक्षणासाठी केलेल्या तपासणीत बळी पडली ती बाईच.

मला असे वाटते की ह्या वादात दोन निराळ्या वस्तू एकाच पोत्यात भरल्या गेल्या आहेत. काही हक्क वाटून संपत नाहीत, काही संपतात. मारझोडीपासूनचे संरक्षण संपत नाही. मार्च २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती अमित बोरकर ह्यांच्यापुढे एक प्रकरण आले. शस्त्रक्रिया करून स्त्री झालेल्या एका व्यक्तीचे २०१६ साली लग्न झाले, पुढे छळाची तक्रार झाली, दरमहा बारा हजार रुपये पोटगीचा हुकूम झाला. नवऱ्याचे म्हणणे, ही बाईच नव्हे, हिला २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा लागू नाही. न्यायालयाने ते मानले नाही. ह्या निकालाने कुठल्या बाईचे काय गेले? तिच्या पोटगीतून बारा हजार कापले गेले नाहीत. उलट २०१९ च्या तृतीयपंथी कायद्याने त्यांच्यावरील लैंगिक अत्याचाराला सहा महिने ते दोन वर्षे शिक्षा लिहिली. स्त्रीवरील बलात्काराला तेव्हा किमान दहा वर्षे होती. अत्याचाराची किंमत शरीर पाहून ठरवण्याची ही रीत आपल्याला नवी नाही.

पंचायतीच्या जागा मात्र मोजक्या असतात. तिथे उपाय एकच: वेगळा वाटा, आणि तोही आडवा. १५ एप्रिल २०१४ च्या नालसा निकालात सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांना मागासवर्ग मानून आरक्षण द्या असे सांगितले. पण सगळ्यांनाच इतर मागासांत घातले तर दलित तृतीयपंथीयाने काय करावे? जात सोडावी की लिंग? तामिळनाडूतल्या दलित कार्यकर्त्या ग्रेस बानू म्हणूनच आडव्या आरक्षणाची मागणी लावून धरतात: अनुसूचित जातीत असाल तर त्या जातीच्या वाट्यात, खुल्यात असाल तर खुल्यात. मागणी साधी आहे. २०२२ साली पोलीस भरतीच्या अर्जात तिसरा रकाना ठेवायलासुद्धा महाराष्ट्र सरकारला न्यायालयाने खडसवावे लागले, तेव्हा आरक्षण कोण सहजी देणार!

वसतिगृह आणि स्वच्छतागृह ह्यांबद्दल फार लिहीत नाही. दाराला कडी, आत दिवा, वागणुकीचे नियम आणि तक्रार ऐकणारी समिती असेल तर निम्मा प्रश्न सुटतो. नसेल तर तो कुणालाही बाहेर ठेवून सुटत नाही. आमच्या भागात गाळपाच्या हंगामात ऊसतोडीच्या टोळ्या कोप्या घालून राहतात. तिथल्या बाईला आडोसाच नसतो. बीडमधल्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याची चौकशी २०१९ साली सरकारी समितीने केली तेव्हा तेरा हजारांहून अधिक शस्त्रक्रिया निघाल्या. त्या बाईच्या सुरक्षिततेवर इंग्रजीत एवढा वाद कधी झाल्याचे माझ्या वाचनात नाही.

त्या कार्यकर्तीला मी हे सगळे सांगितले. वेगळा वाटा तिला पटला; दाखल्याचे पटायला वेळ लागला. अंगाची तपासणी म्हटल्यावर मात्र तिने कानावर हात ठेवले. शेवटी मी विचारले, वेगळा वाटा मिळेपर्यंत तुमच्या वॉर्डात अशी कुणी उभी राहिली तर अर्जावर हरकत घ्याल का?

“हरकत न्हाई घेनार,” ती म्हणाली. “मतानं पाडीन.”