सुताराचा वाकस, गावचे बलुते आणि लेकीचा वाटा

फर्दापूरला उतरून अजिंठा लेणी पाहायला आपले तरुण मोठ्या संख्येने जातात. तिथे एक गोष्ट आवर्जून पाहा. लेणी क्रमांक १२ मध्ये ब्राह्मी लिपीतला एक लेख आहे. तो घनामदड नावाच्या एका व्यापाऱ्याच्या दानाचा आहे. याच जिल्ह्यात कन्नड तालुक्यातल्या पितळखोऱ्याला गेलात तर आणखी दोन नावे भेटतात. तिथल्या यक्षमूर्तीच्या हातावर ती घडवणाऱ्या कण्हदास सोनाराचे नाव कोरलेले होते. ही मूर्ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. दुसरे नाव दत्ता हिचे. ती राजवैद्य मगिल याची मुलगी. तिने स्वतःच्या नावाने दान दिले आणि ते नाव दगडात कोरले गेले.

ज्याच्या हातात काही असते तोच दान देऊ शकतो. दोन हजार वर्षांपूर्वी बुद्धाच्या संघाला कारागीर आणि व्यापारी दान देत होते, तशाच त्यांच्या लेकीही देत होत्या. मग पुढे असे काय घडले, की याच परिसरातल्या कारागिराच्या लेकीच्या हातात काहीच उरले नाही?

उत्तर मनुस्मृतीत आहे. तिच्या आठव्या अध्यायात बायको, मुलगा आणि दास यांना स्वतःचे धन नाही असे सांगितले आहे. शूद्राने ऐपत असली तरी धनाचा साठा करू नये, असे दहाव्या अध्यायात आहे. म्हणजे कारागिराने कमवायचे, पण साठवायचे नाही, आणि त्याच्या बायकोला तर कमाईवर हक्कच नाही. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांनी मनुस्मृती का जाळली, हे समजून घेताना हा मालमत्तेचा मुद्दाही लक्षात ठेवला पाहिजे.

आता गावगाडा पाहा. गावचा सुतार मरताना मुलांना काय देत असे? वाकस, करवत, पटाशी, रंधा, एखादे मातीचे घर आणि बलुत्याचा हक्क. सुगीला खळ्यावर जाऊन धान्य मागण्याच्या या हक्काला 'वतन' असे भारदस्त नाव होते. पण त्या वतनाच्या पोटात काय होते? वर्षभर गावाचे नांगर, वखर, गाड्या दुरुस्त करायच्या आणि मजुरी शेतकरी देईल ती घ्यायची. बापाकडून मुलाकडे मालमत्ता जात होती असे आपण म्हणतो, खरे तर कामाची सक्तीच पुढे जात होती. भाऊ वाढले की पाळ्या लागत. तेच बलुते जास्त तोंडांत वाटले जाई.

महारकीचे वतन तर याहून वाईट. म्हणून बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतन कायदा सुधारण्याचे विधेयक आणले. १९३९ मध्ये हरेगावला महार-मांग वतनदारांची परिषद घेतली. आपल्या माणसांना वतनाचा अभिमान वाटत होता आणि बाबासाहेब त्याला बेडी म्हणत होते. फर्दापूर तेव्हा निजामाच्या राज्यात होते. हैदराबाद संस्थान १९४८ मध्ये भारतात आले आणि मराठवाड्यात इनामे रद्द करण्याचा कायदा १९५४ चा.

पण वतन गेले तरी वारसाचा प्रश्न राहिलाच. मिताक्षरा पद्धतीत वडिलोपार्जित मिळकतीत मुलाला जन्मतः हक्क होता, मुलीला नव्हता. हिंदू कोड बिलातून बाबासाहेबांना हेच बदलायचे होते. बिल अडवले गेले आणि सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. स्त्रियांच्या हक्कासाठी कायदामंत्र्याने खुर्ची सोडल्याचे दुसरे उदाहरण शोधून दाखवा!

पुढे १९५६ चा वारसा कायदा आला, तो अर्धवट. हिशोबच करू. सुताराला दोन मुलगे, एक मुलगी. बायको आधीच वारलेली. वडिलोपार्जित मिळकतीचे आधी बाप आणि दोन मुलगे असे तीन भाग पडत. मग बापाचा एक भाग तिघांत वाटला जाई. म्हणजे मुलीला नवव्यातला एक वाटा आणि प्रत्येक मुलाला नवव्यातले चार! महाराष्ट्राने १९९४ मध्ये हा अन्याय काही अंशी दूर केला, पण तेव्हा लग्न झालेल्या मुली वगळल्या. ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर मुलगी जन्मतः समान वाटेकरी झाली. त्या तारखेला बाप हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केले. आज वरच्या उदाहरणात तिघांनाही तिसरा हिस्सा मिळतो.

आणखी एक मुद्दा फारसा कोणी सांगत नाही. बापाने स्वतः कमावलेले दुकान, प्लॉट किंवा यंत्रे असतील आणि मृत्युपत्र केलेले नसेल, तर त्यात मुलीला मुलाइतकाच वाटा १९५६ पासूनच आहे. हा कायदा बौद्धांनाही लागू आहे.

मग अडते कुठे? तलाठ्याकडे वारस नोंद करताना बहिणीला बोलावतात आणि हक्कसोडपत्रावर सही घेतात. "तुझ्या लग्नात खर्च केला", "माहेर तुटेल", "भावाच्या पोटावर पाय देतेस का?" ही वाक्ये जयंतीच्या मिरवणुकीत पुढे असणाऱ्या आपल्या घरांतही ऐकू येतात. मनुस्मृती चौकात जाळायची आणि घरात तिचाच वारसा कायदा चालवायचा, याला काय म्हणायचे?

बहिणीने स्वखुशीने हक्क सोडला तर तो तिचा निर्णय. पण त्याआधी तिला तिचा वाटा किती, हे आकड्यात माहीत हवे. सातबाऱ्यावर किंवा ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर नाव नाही म्हणून तिचा हक्क संपत नाही, हेही माहीत हवे. कार्यकर्त्यांनी गावोगावी शिबिरात हा हिशोब फळ्यावर मांडावा. त्याआधी आपल्या घरचा सातबारा काढावा आणि त्यावर बहिणीचे नाव आहे का, ते पाहावे.

पितळखोऱ्याच्या दगडावर दत्ताचे नाव आजही आहे. आपल्या बहिणीचे नाव निदान कागदावर तरी असू द्या.

जय भीम!