पायीं पाहावयाचें अक्कलकोट

सोलापुराहून आग्नेयेस सुमारें ४० किलोमीटरांवर अक्कलकोट आहे. येथें येणारीं बहुतेक माणसें एकाच ओढीनें येतात. वटवृक्षाच्या देवळांत स्वामी समर्थांपुढें डोकें टेकावयाचें, समाधिमठांत घटकाभर बसावयाचें, अन्नछत्रांत प्रसाद घ्यावयाचा आणि तुळजापूरची किंवा गाणगापूरची गाडी धरावयाची. यांत वावगें कांहींच नाहीं. मात्र या घाईंत एक सबंध गांव पाहावयाचें राहून जातें. १९०८ सालीं प्रसिद्ध झालेल्या इंपीरियल गॅझेटियरांत या शहरांतील मुख्य प्रेक्षणीय गोष्ट म्हणून जुन्या वाड्यांतील शस्त्रागार सांगितलें आहे, आणि हत्यारांचा हा संग्रह पश्चिम हिंदुस्थानांत बहुधा सर्वोत्तम असावा असा अभिप्रायही दिला आहे. स्वामी समाधिस्थ होऊन तेव्हां तीस वर्षें झालीं होतीं. साहेबाच्या नजरेनें तरवारी टिपल्या, भाविकाची नजर पादुकांवर राहिली. आणि गांव मात्र एकच.

हें गांव एकट्यानें न हिंडतां चार स्नेह्यांनीं मिळून हिंडावें. मंडळींत एक बखरी चाळलेला, एक भाविक आणि एक कानडी जाणणारा असला म्हणजे दुसऱ्या वाटाड्याची गरज उरत नाहीं. ऊन चढण्यापूर्वी निघावें, कारण सोलापूरकडचें ऊन कोणाच्याच इतिहासप्रेमाची भीड धरीत नाहीं. मोटार वेशीबाहेरच सोडावी. पेठांतील अरुंद बोळ पायांसाठींच झालेले आहेत, आणि दगडी जोतीं, लांकडी खांब, चौकांतले कट्टे हीं गाडीच्या खिडकींतून दिसत नाहींत.

पहिला मुक्काम अर्थातच जुना राजवाडा. त्याच्यासमोर उभें राहिल्यावर बखरवाल्या स्नेह्यास बोलूं द्यावें, कारण या वाड्याचा पाया अक्कलकोटांत नाहीं, दूर मराठवाड्यांतील पारद या गांवीं आहे. १७०७ सालीं औरंगजेब वारला आणि त्याच्या छावणींत अठरा वर्षें अडकलेले शाहू महाराज सुटून दक्षिणेकडे निघाले. वाटेंत पारदचा पाटील सयाजी लोखंडे यानें त्यांस विरोध केला. लढाई झाली, पाटील पडला. तेव्हां त्याची विधवा आपलें तान्हें मूल घेऊन पुढें आली आणि तिनें तें महाराजांच्या पायांवर घातलें. ज्याच्या माणसांनीं नवऱ्यास मारलें त्याच्याच ओटींत मूल टाकावयाचें, हा निर्णय त्या बाईनें किती क्षणांत घेतला असेल याचा विचार करीत त्या दारांत थोडें थांबावें. महाराजांनीं मूल उचललें. स्वराज्याच्या वाटेवरचा हा पहिलाच विजय, म्हणून राणोजी लोखंड्याचें नांव फत्तेसिंह ठेवलें आणि आडनांवही आपलेंच, भोसले, दिलें.

फत्तेसिंह साताऱ्यास शाहूंच्या घरांत वाढला. विरूबाईंनीं त्याला पोटच्या पोरासारखें वागविलें. पुढें १७२५ ते १७२७ या काळांतील कर्नाटकच्या दोन्ही स्वाऱ्यांचें सेनापतित्व नांवानें त्याजकडे होतें, आणि त्या स्वाऱ्यांत पहिला बाजीराव बरोबर होता. १७४० सालीं रघूजी भोसल्यांसह तो पुन्हां दक्षिणेंत उतरला. दामलचेरीच्या खिंडींत अर्काटचा नबाब दोस्त अल्ली पडला, आणि पुढच्या वर्षी त्रिचनापल्ली घेऊन मराठ्यांनीं चंदासाहेबास कैद केलें. तरी खरें बोलावयाचें तर पराक्रमाचा मोठा वांटा दुसऱ्यांचाच होता. फत्तेसिंहाचें महत्त्व तो कोणाचा मानलेला मुलगा होता यांत अधिक होतें. १७४९ मध्यें शाहू महाराज गेल्यावर तो जहागिरीच्या गांवीं, म्हणजे अक्कलकोटास, येऊन राहिला आणि १७६० सालीं वारला. गाव राजधानी झालें तें असें.

इतिहासाची खरी थट्टा याच्याही पुढें आहे. पेशवाई बुडाल्यावर १८२० च्या करारानें अक्कलकोटकर साताऱ्याचे मांडलिक राहिले. १८४८ सालीं साताऱ्याचे छत्रपति आप्पासाहेब निवर्तले. मृत्यूपूर्वी त्यांनीं दत्तक घेतला होता. परंतु डलहौसीनें तो दत्तक मानला नाहीं आणि सातारा खालसा केला. शिवछत्रपतींच्या वंशाची गादी दत्तकाच्या प्रश्नावर गेली, आणि त्याच वंशानें पदरीं घेतलेल्या एका पाटलाच्या पोराचें घराणें मात्र घोडेस्वारांच्या चाकरीऐवजीं सरकारास वर्षाकांठीं १४,५९२ रुपये भरीत पुढें शंभर वर्षें राज्य करीत राहिलें! ८ मार्च १९४८ रोजीं अक्कलकोट संस्थान मुंबई राज्यांत विलीन झालें, तेव्हां तेंही संपलें. वाड्यापुढून जाणाऱ्या कितीजणांस हें ठाऊक असतें?

येथून भाविक स्नेह्याच्या मागें चालावें. बुधवार पेठेंत जाणाऱ्या वाटेवर हार, नारळ, तसबिरी आणि पेढे यांच्या दुकानांची रांग लागली कीं मठ जवळ आला असें समजावें. सांप्रदायिक चरित्रांप्रमाणें शके १७७९, म्हणजे १८५७ सालीं, स्वामी अक्कलकोटास आले, प्रथम खंडोबाच्या देवळांत उतरले आणि मग चोळाप्पा या गृहस्थाच्या घरीं राहिले. चोळाप्पा कांहीं श्रीमंत सावकार नव्हता. दारीं आलेल्या विलक्षण पाहुण्यास त्यानें ठेवून घेतलें, त्याचें तऱ्हेवाईक वागणें आणि त्यापायीं येणारी ओढग्रस्त घरच्या मंडळींसह सोसली. आज ज्यास समाधिमठ म्हणतात तो या चोळाप्पाच्या घराचाच ठाव. देवळाची भव्यता येथें शोधूं नये. ही एका गृहस्थाच्या वास्तूची जागा आहे हें ध्यानांत ठेवून आंत शिरावें, म्हणजे तिचें मोठेपण समजतें.

ज्या वर्षी स्वामी आले त्याच वर्षी मालोजीराजे गादीवर बसले. राजेही स्वामींच्या दर्शनास जात. आतां पुढची हकीकत दोघांची शेजारीं ठेवून पाहावी. १८६६ सालीं गैरकारभाराचें कारण दाखवून इंग्रज सरकारनें मालोजीराजांचा अधिकार काढून घेतला. १८७० सालीं ते वारले, आणि गादीचा वारस अल्पवयी म्हणून संस्थानाचा कारभार सरकारी देखरेखीखालीं चालला. राजवाड्यांत हत्यारें भिंतींवर टांगलेलीं, आणि वाड्याचा हुकूम मात्र चालेनासा झालेला. त्याच सुमारास कांहीं अंतरावर एक संन्यासी, ना घर ना दप्तर, ज्याच्या तोंडून निघेल तो शब्द लोक हुकुमासारखा झेलीत होते. दूरदूरचे सरदार, वकील, कारकून, गांजलेलीं माणसें या आडगांवीं येत होतीं. सत्तावनच्या धामधुमीनंतर जुने दरबार विझत चालले होते, आणि आधार शोधणाऱ्या महाराष्ट्रास कोठेंतरी टेकावयास जागा हवी होती, असें एक कारण यास देतां येईल. भाविक स्नेह्यास तें पटणार नाहीं. तो म्हणेल, दिव्याकडे जाणाऱ्यास काळोखाचें कारण कशास विचारतां? दोघांनीं या विषयावर वटवृक्षापर्यंत वाद घालावा. चालण्यांत तो शोभतो.

३० एप्रिल १८७८ रोजीं स्वामींनीं देह ठेवला. वटवृक्षाचें देऊळ आणि बुधवार पेठेंतला मठ हीं दोन स्थानें तेव्हांपासून गांवाचे दोन खांब झालीं आहेत. १९०१ च्या खानेसुमारींत जेमतेम आठ हजारांवर असलेली वस्ती २०११ मध्यें चाळीस हजारांच्या घरांत गेली, आणि सणावारीं येणारी गर्दी निराळीच. भक्तनिवास, खाणावळी, वाहनतळ वाढले. यात्रेकरूंची सोय झालीच पाहिजे. पण ज्या बोळांतून स्वामी हिंडले तेच बोळ त्यांच्या भक्तांच्या सोयीसाठीं पुसले गेले, तर चुकल्यासारखें वाटेल खरें.

दुपार व्हावयाच्या आधीं बाजारांत शिरावें, कारण येथें तिसऱ्या स्नेह्याची पाळी आहे. भाजीवाली एका गिऱ्हाईकास मराठींत भाव सांगते, दुसऱ्याशीं कानडींत घासाघीस करते, आणि शेजारच्या बागवानाशीं दखनी हिंदुस्तानींत थट्टा करते. तिन्ही भाषा तिच्या घरच्याच. मैंदर्गी, दुधनी या गांवांकडून आलेला शेतकरी घरांत कानडी आणि कचेरींत मराठी बोलतो, आणि त्यांत त्यास कांहीं विशेष वाटत नाहीं. विशेष वाटतें तें नकाशे काढणाऱ्यांस. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेंत हा तालुका मुंबई राज्यांत राहिला आणि १९६० सालीं महाराष्ट्रांत आला. १९६७ मध्यें महाजन आयोगानें तो म्हैसूर राज्यास द्यावा अशी शिफारस केली, आणि महाराष्ट्रानें तो अहवाल मानला नाहीं. २०२२ च्या अखेरीस तालुक्यांतील कांहीं सीमेवरच्या गांवांनीं रस्ते आणि पाणी मिळत नाहीं म्हणून कर्नाटकांत जाण्याची भाषा पुन्हां केली. त्या गांवकऱ्यांचा वाद व्याकरणाशीं नव्हता, घागरीशीं होता, हें बाजारांतल्या अर्ध्या तासाच्या बोलण्यांत कळतें.

उन्हें कलल्यावर पाय दुखूं लागतात आणि बोलणें मंदावतें. मग हत्ती तलावाच्या बाजूस जाऊन टेकावें. एका बाजूस नवा राजवाडा, दुसरीकडे स्वामींच्या जयघोषाचा दुरून येणारा आवाज. भाविकास आरतीची घाई असते, बखरवाला पारदच्या पाटलिणीवरून अजून हलत नाहीं, आणि कानडी जाणणारा पलीकडच्या चहावाल्याशीं पाऊस कधीं पडेल याविषयीं बोलत बसलेला असतो. रस्त्यावर एका मागोमाग दोन गाड्या थांबतात, एक पुण्याहून आलेली, दुसरी कलबुर्गीहून. आणि दोहींतून उतरणारीं माणसें चपला हातांत घेऊन एकाच दिशेनें चालूं लागतात.