पाच घरची बाळी

माझ्या उजव्या कानाच्या वरच्या काठाला एक बुजत आलेले भोक आहे. वयाच्या बाराव्या वर्षापासून मी ते टोपीखाली झाकत आलो. गेल्या उन्हाळ्यात नात पुण्याहून परतवाड्यास आली. चहा पिता पिता तिने नेमके त्याच जागी बोट ठेवले आणि म्हणाली, “आबा, हे कधी केलंत? मला अगदी इथेच टोचून घ्यायचं आहे.”

स्वयंपाकघरातून तिच्या आजीचा आवाज आला, “काहून? खालचं भोक कमी पडलं काय?”

आजी-नातीच्या भांडणात पडण्याइतका मी शूर नाही. परंतु ही नवी टूम आहे असे जे आमच्या घरात धरून चालले होते, ते मात्र मला सोसवेना. कानाच्या पाळीच्या वर, जिथे कडक कूर्चा लागते तिथे दागिना घालणे आपल्याकडे मुळीच नवे नाही. बायकांची बुगडी तिथेच बसते. १९५९ साली ‘सांगत्ये ऐका’ हा चित्रपट आला आणि त्यातल्या लावणीने बुगडी साऱ्या महाराष्ट्राच्या तोंडी झाली. हल्ली दाबून बसवायची बुगडी मिळते, भोकाची गरज पडत नाही. पण जुन्या बुगडीला कानाची वरची कड टोचून घ्यावीच लागे.

कर्णवेध हा तर सोळा संस्कारांपैकी एक. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात सोळावा अध्याय त्याच विषयाचा आहे. सहाव्या किंवा सातव्या महिन्यात, शुक्लपक्षात, बाळाला दाईच्या मांडीवर बसवून खेळण्याने भुलवावे. वैद्याने डाव्या हाताने कान ओढून सूर्यप्रकाश जिथून आरपार दिसतो ती जागा पाहावी आणि तिथे सरळ टोचावे. मुलाचा उजवा कान आधी, मुलीचा डावा. रक्त फार आले किंवा वेदना फार झाल्या तर जागा चुकली असे समजावे. पुढे कापसाची वात घालावी, तेल सोडावे आणि दर तीन दिवसांनी वात जाड करीत न्यावी. याच अध्यायात फाटलेली पाळी सांधण्याच्या पंधरा कृती आहेत आणि कापलेले नाक बसवण्याची रीतही आहे. कान टोचणे हा एवढासा विषय, पण त्या वैद्याला तो शस्त्रक्रियेचाच वाटला.

सुश्रुताचे हे वर्णन पाळीचे आहे. खुद्द कूर्चेला हात घालणारे नाथपंथी कानफाटे. त्यांच्यात दीक्षेच्या वेळी गुरू शिष्याच्या कानाचा मधला भाग सुरीने चिरतो आणि पुढे त्यात मुद्रा घालतात. त्यांच्या नावातच तो कान आला आहे. मात्र संसारी माणसाने इतके करण्याचे कारण नाही. त्याला एक तारेची बाळी पुरे.

ती बाळी म्हणजे भिकबाळी. पेशवाईतल्या थोरामोठ्यांची चित्रे पाहावीत, पुरुषांच्या कानांत मोती दिसतात. जेम्स वेल्स नावाच्या स्कॉटिश चित्रकाराने १७९२ साली पुण्यात सवाई माधवरावांचे नाना फडणिसांसह चित्र काढले. ते आज लंडनला रॉयल एशियाटिक सोसायटीकडे आहे. बापाचा खून झाल्यावर १७७४ साली पुरंदरावर जन्मलेला हा पोर. त्याच्या एका श्वासावर सारे राज्य टांगलेले. भरजरी वस्त्रांतल्या अशा माणसांच्या अंगावर शोभणाऱ्या दागिन्याला ‘भीक’ हा शब्द कसा चिकटला? घरोघरी सांगतात ते असे की, ज्या बाईची मुले जगत नसत ती पुढच्या मुलासाठी चार घरी भीक मागे आणि त्या भिकेच्या सोन्याची बाळी त्याच्या कानात घाली. मूल आपले नव्हेच, भिकेतून आलेले. मग मृत्यूने त्याच्याकडे कशाला पाहावे? दगडू, धोंडू, भिकाजी, उकंडा ही नावेही याच भीतीची लेकरे. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा मध्यप्रांतातील जातीजमातींवरचा चार खंडांचा ग्रंथ १९१६ साली निघाला, त्यातही अशी ओंगळ नावे ठेवण्याची चाल नोंदलेली आहे. लोकांना ही नावे हास्यास्पद वाटतात. मला वाटत नाहीत.

कारण माझ्या आधीची दोघे गेली होती. मी १९४८चा. जन्मलो मध्यप्रांत-वऱ्हाडात, शाळेत गेलो मध्य प्रदेशात, मॅट्रिक झालो महाराष्ट्रात, आणि गाव मात्र एकच! परतवाडा म्हणजे अचलपूरची छावणी, आणि मागे मेळघाटचे रान. पावसाळा सरला की घरोघर हिवताप. राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम १९५३ साली सुरू झाला. माझ्या भावंडांना तो कुठून मिळणार? मी झालो तेव्हा आईने पदर पसरला. बाराव्या दिवशी सोनार आला आणि पाळीबरोबर ही वरची कडही टोचून गेला. ‘सोनाराने कान टोचावे’ अशी आपल्याकडे म्हण आहे. परक्याने केले म्हणजे मूल आईवर रुसत नाही, असा आई तिचा अर्थ लावी. सोन्याची बारीक तार मऊ, गंजत नाही, हाही सोनाराचा गुण असेलच.

शाळेत गेल्यावर त्या बाळीने माझी पुरती शोभा केली. मुले ‘भिक्या’ म्हणत. एका गुरुजींनीही एकदा वर्गात हात पुढे करून ‘काय मिळालं आज?’ असे विचारले. वर्ग हसला. त्या संध्याकाळी मी बाळी काढून आईच्या पुढ्यात टाकली. ती काही बोलली नाही. बाळी उचलून तिने कुंकवाच्या डबीत ठेवली. चौदा वर्षांनी ती गेली तोवर मी त्या डबीकडे पाहिलेसुद्धा नाही.

नातीला हे सांगितले तेव्हा आजीही दाराशी येऊन उभी राहिली. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग आजीच म्हणाली, “टोच बाई. पण नीट ठिकाणी टोच.”

आमच्या सोनाराने नकार दिला. “पाळी असन तं आत्ता टोचून देतो. वरची हड्डी नाही बापा, पिकली तं कोन निस्तरन?” माणूस शहाणा. कूर्चेत स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, तिचे पोषण वरच्या पातळ आवरणातून होते. आवरण आणि कूर्चा यांच्यामध्ये पू साठला की कूर्चा मरते आणि कानाचा आकार कायमचा वाकडा होतो. पाळी सहा-आठ आठवड्यांत भरून येते, वरच्या कडेला सहा महिने ते वर्ष लागते. ठसक्याने कडी मारणारी ती बंदूक कूर्चेला चेचते, म्हणून तिथे नवी निर्जंतुक सुईच हवी. शेवटी अमरावतीच्या एका कानाच्या डॉक्टरांकडे काम झाले. मी बाहेर बाकावर बसलो होतो. माझ्या बारशालाही इतका धीर धरावा लागला नसेल!

घरी आल्यावर तिने डबी मागितली. बाळी अजून आहे. मोती नाहीत, नुसता तारेचा वेढा. जुने सोने ताज्या जखमेत घालायचे नाही, हे डॉक्टरांनी बजावले आहे, म्हणून ती पुढच्या दिवाळीपर्यंत डबीतच राहील. तोवर नात मला एकच विचारते आहे : भीक कुणी कुणी घातली? चार घरे मला आईकडून कळली होती. शेजारचा तेली, वखारीवरचा मुनीम, छावणीतली एक ख्रिस्ती सुईण आणि अचलपुरात दुल्हा रहमान शहांच्या दर्ग्याजवळ राहणारी, माझ्याच आधी मूल गेलेली एक बाई. पाचवे घर आई सांगत नसे. विचारले की नुसती हसे. नातीने वहीत पाच आकडे घालून चार घरे लिहिली आहेत आणि पाचव्यापुढे जागा सोडली आहे.