विरणे, विटणे, उसवणे

जुन्या कापडाविषयी बोलताना मराठी भाषा विलक्षण काटेकोर होते. रंग उडाला की कापड विटते, धागा झिजून पातळ झाला की ते विरते, शिवण सुटली की उसवते आणि ताण बसून चिरले की फाटते. ही क्रियापदे एकमेकांच्या जागी वापरता येत नाहीत. विटलेले कापड आणखी दहा वर्षे टिकू शकते. विरलेले कापड रंगाने थेट नव्यासारखे दिसू शकते. आणि उसवलेल्या कपड्यात दोष कापडाचा नसून दोऱ्याचा असतो. नऊवारी लुगडे मध्यभागी विरले म्हणजे तेवढा भाग कापून दोन टोके जोडण्याला 'दंड घालणे' म्हणतात. नवे वस्त्र प्रथम नेसण्यालाही 'घडी मोडणे' हा स्वतंत्र वाक्प्रचार आहे. म्हणजे कापडाचे आयुष्य घडी मोडण्यापासून जुनेर होईपर्यंत भाषेने टप्प्याटप्प्याने नोंदवून ठेवले आहे. कॅमेऱ्याला मात्र हे व्याकरण ठाऊक नाही. ही गोष्ट आमच्या ध्यानात आली ती आमच्याच हातून झालेल्या एका चुकीमुळे.

घरातल्या थोरल्या काकूंच्या पेटीतील काही साड्या आम्ही बारामतीहून ऑनलाइन विकायला काढल्या. त्यांत एक इरकल होती. तिचे फोटो काढताना आम्ही बरीच हौस केली: मावळतीचे ऊन, पसरलेला पदर, मागे तुळशीची कुंडी. काढलेल्या वीसेक फोटोंतून चार निवडले. इंदापूरच्या एका बाईंनी साडी घेतली आणि आठ दिवसांत परत पाठवली. सोबतच्या निरोपात राग नव्हता. एवढेच होते, "उजेडात धरली की पलीकडचं दिसतं." आम्ही वर्णनात खोटे काही लिहिले नव्हते. चारही फोटो त्याच साडीचे होते, एकातही फेरफार नव्हता. तरीही त्या बाईंची फसवणूक झाली होती. खरे फोटो निवडून खोटे सांगता येते, हा साधा पण अस्वस्थ करणारा निष्कर्ष आम्हाला मान्य करावा लागला. त्याचे मूळ शोधताना जुन्या कपड्याच्या आणि छायाचित्राच्या इतिहासाकडे वळावे लागले.

महाराष्ट्रातील शहरी घरांना जुन्या कपड्यांचा व्यापार बोहारणीने शिकवला. डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन ती दारी येई आणि जुन्या कपड्यांच्या बदल्यात पातेले किंवा डबा देई. या व्यवसायातील पुष्कळ कुटुंबे गुजरातेतून आलेल्या वाघरी समाजातली. तिची घासाघीस विनोदी लेखनाचा विषय झाली, परंतु तिच्या परीक्षेकडे आपण फारसे लक्ष दिले नाही. साडी हाती येताच ती दोन्ही हातांनी ताणून उजेडाकडे धरी. मग काठ चिमटीत धरून पाही, घडीच्या रेषेवरून बोट फिरवी आणि शेवटी उलटी बाजू बघे. गृहिणी साडीच्या रंगाविषयी बोले, बोहारीण मात्र विरण्याविषयी. या व्यवहारात दोष शोधण्याची जबाबदारी घेणाऱ्याची होती, आणि ती पार पाडण्यासाठी लागणारी साधने, म्हणजे डोळा, बोट आणि दारातला उजेड, त्याच्यापाशीच होती. विकणारीने दोष लपवला तरी तो फार वेळ लपत नसे. म्हणूनच लपवण्याला तिथे पाप मानले जात नसावे; तो खेळाचाच एक भाग होता.

छायाचित्राची परंपरा याच्या नेमकी उलट. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्याशी संबंधित असलेल्या आरंभीच्या भारतीय छायाचित्रकारांपैकी एक. तेव्हापासून पुढे शतकभर आपल्याकडे फोटो म्हणजे ठेवणीतले कपडे, असेच समीकरण राहिले. स्टुडिओत जायचे ते शालू नेसून, जरीचा रुमाल बांधून. स्वतःचे नसेल तर उसने आणून. ज्या कपड्यांत माणूस आयुष्य काढतो ते कपडे त्याच्या फोटोत नसत. कॅमेऱ्यासमोर काय ठेवायचे आणि काय पेटीत राहू द्यायचे याचे वळण आपल्या हाताला असे पिढ्यान्‌पिढ्या लागले आहे. आमच्या तुळशीच्या कुंडीचा उगम या वळणात आहे.

याच सोसायटीच्या आरंभीच्या सभासदांपैकी विल्यम जॉन्सन यांनी मुंबईतल्या निरनिराळ्या समाजांची छायाचित्रे 'द ओरिएंटल रेसेस अँड ट्राइब्स, रेसिडेंट्स अँड व्हिजिटर्स ऑफ बॉम्बे' या ग्रंथात दोन खंडांत प्रसिद्ध केली. त्यातील माणसे एका ठिकाणी टिपलेली आणि त्यांच्या पाठीमागची दृश्ये दुसरीकडची. दोन्ही मागाहून जोडलेली. पोशाख खरा, माणूस खरा, देखावाही खरा. खोटे होते ते त्यांचे एकत्र असणे. या ग्रंथाचा दुसरा खंड १८६६ साली निघाला.

योगायोग असा की त्याच १८६६ साली लंडनमध्ये भारतीय कापडाचा एक अगदी वेगळा संग्रह तयार झाला. त्याचे कर्ते जॉन फोर्ब्स वॉटसन हे पूर्वी मुंबईत डॉक्टर होते आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवत. पुढे लंडनला इंडिया म्युझियमचे काम त्यांच्याकडे आले. त्यांनी १८ खंडांत ७०० नमुने लावले. आणि हे नमुने चित्रे नव्हती, तर कापडाचे प्रत्यक्ष तुकडे होते. असे २० संच करण्यात आले. १३ ब्रिटनमध्ये ठेवले गेले आणि ७ भारतात आले. तुकड्याजवळ मूळ वस्त्राची लांबी, रुंदी, वजन, ठिकाण आणि किंमत दिलेली असे. इथले लोक काय नेसतात हे मँचेस्टरच्या कारखानदाराला कळावे आणि त्याला तसले कापड विणता यावे, हा त्यामागचा हेतू. तो निखळ व्यापारी होता आणि इथल्या विणकरांच्या हिताचा खचितच नव्हता; शिवाय नमुन्यांसाठी अखंड वस्त्रांना कात्री लागली. तरीही एक गोष्ट नमूद केली पाहिजे. ज्याला कापडावर खरोखर पैसा लावायचा आहे त्याला चित्र पुरत नाही, बोटाला पोत लागतो, हे वॉटसन यांनी ओळखले होते. जिथे बोट पोहोचवणे अशक्य तिथे निदान माप आणि वजन द्यावे, हेही.

दूरच्या माणसाला वस्तूचे वर्णन कसे द्यावे, या प्रश्नाला आमच्या भागातही जुना इतिहास आहे, तो कापडाचा नसून जमिनीचा. प्रिंगल यांची जमीन-पाहणी फसल्यानंतर गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५-३६ मध्ये नव्या पद्धतीचा आरंभ केला तो इंदापूर तालुक्यातून. १८४७ च्या संयुक्त अहवालात नियमबद्ध झालेल्या या पद्धतीत मातीचा प्रकार आणि खोली पाहून जमिनीचे नऊ वर्ग पाडले जात आणि मग दोष मोजले जात. चुनखडीचे खडे, वाळूचे मिश्रण, उतार, पाणी धरून राहणे अशा दोषांना ठरावीक खुणा असत आणि प्रत्येक खुणेगणिक जमीन एका वर्गाने खाली उतरे. शेत न पाहिलेल्या अधिकाऱ्यालाही कागदावरून त्याचे उणेपण वाचता येत असे. सरकारचा डोळा साऱ्यावर होता, यात शंका नाही. पण मोल ठरवायचे तर दोषाला नाव आणि जागा दिली पाहिजे, हे तत्त्व त्या कागदात होते.

दुसऱ्या प्रकारचा कागदही याच मुलखाने पाहिला. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे, म्हणजे तेव्हाच्या भीमथडी आणि आजच्या बारामती तालुक्यात, शेतकऱ्यांनी सावकारांवर चाल केली आणि दख्खनच्या दंग्यांना तोंड फुटले. त्यांचा मुख्य रोख कर्जरोख्यांवर होता. ज्यावर आपला अंगठा आहे पण ज्यातले अक्षर आपल्याला लागत नाही, असा कागद त्यांना जाळावासा वाटला. १८७९ च्या डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्टने पुढे शेतकऱ्याचा दस्त गावच्या रजिस्ट्रारसमोर लिहिण्याची आणि तो त्याला समजावून देण्याची तरतूद केली. दोन पक्षांपैकी एकाला सारे दिसते आणि दुसऱ्याला दिसत नाही, तेव्हा ज्याला दिसते त्याच्यावर सांगण्याचे बंधन येते, एवढा त्या कायद्याचा आशय आमच्या विषयापुरता पुरेसा आहे.

अर्थशास्त्राने हीच गोष्ट आपल्या परिभाषेत मांडली. जॉर्ज अकरलॉफ यांच्या १९७० सालच्या प्रसिद्ध लेखात उदाहरण जुन्या मोटारींचे आहे. चांगली गाडी आणि वाईट गाडी यांत घेणाऱ्याला फरक करता येत नसेल, तर तो दोहोंना सरासरीच भाव देतो. मग चांगली गाडी विकणारा बाजारातून उठून जातो आणि वाईट तेवढ्या उरतात. जुन्या कपड्यांच्या बाबतीत याचा अर्थ असा की आमचा मावळतीच्या उन्हातला फोटो केवळ इंदापूरच्या बाईंना महाग पडला नाही. पुढच्या प्रामाणिक विक्रेत्याच्या साडीचाही भाव त्याने थोडा उतरवला. याला छेद देणारा एक किस्सा इंटरनेटच्या बाजारातच सांगितला जातो. पिएर ओमिड्यार यांनी १९९५ साली सुरू केलेल्या, पुढे ईबे म्हणून वाढलेल्या संकेतस्थळावर विकली गेलेली पहिली वस्तू म्हणजे एक मोडका लेझर पॉइंटर. तो मोडका आहे असे सांगूनच विकला आणि त्याला १४.८३ डॉलर आले. दोष सांगितल्याने गिऱ्हाईक जातेच असे नाही. योग्य गिऱ्हाईक सापडते, असेही होते.

तेव्हा बोहारणीचे काम आता विकणाऱ्याने स्वतःच केले पाहिजे. दारातला उजेड आणि चिमटीतले बोट घेणाऱ्यापाशी उरलेले नाही. ते फोटोत घालून पाठवावे लागते. फोटोंची निवड या दृष्टीने केली तर भाषेतली क्रियापदेच मार्गदर्शक ठरतात. विटणे दाखवायचे तर सकाळच्या सावलीत, फ्लॅशविना, शेजारी पांढरा कागद ठेवून. पदराच्या आतल्या घडीजवळ बाहेरचा भाग ठेवला की उडालेला रंग आपोआप बोलतो. मावळतीचे पिवळे ऊन इथे वर्ज्य, कारण ते साऱ्याच रंगांना तारुण्य देते. विरणे समोरून कधीच दिसत नाही. त्यासाठी कापड खिडकीवर धरून, उजेड पाठीमागे ठेवून फोटो घ्यावा लागतो, आणि तोही बसण्याच्या जागेचा. रेशमी साडी घडीच्या रेषेवर चिरते, म्हणून ती रेष जवळून टिपावी. उसवणे उलट्या बाजूने दिसते: फॉलची कड, पोलक्याची काख, सदऱ्याची बाही. राहिली जर. तिचा खरेखोटेपणा फोटोत ठरत नाही. तिथे शब्दांनीच काय ठाऊक आहे ते सांगावे. आणि मोजपट्टी अंथरलेला एक फोटो असावा. त्यात सौंदर्य नसते, पण वॉटसन यांच्या नोंदीइतका तो उपयोगी असतो.

दोष दाखवताना वापराची प्रत्येक खूण ही दोषच, असे मात्र समजू नये. तुकोबांची पालखी बारामतीहून इंदापूरकडे निघाली की वाटेत काटेवाडीला परीट समाजाची मंडळी तिच्यासाठी धोतरांच्या पायघड्या अंथरतात. पालखी त्यांवरून पुढे जाते. त्या धोतरांवर उमटलेली धूळ पाहून त्यांचा भाव कुणी कमी करणार नाही. काकूंच्या एका लुगड्याला दंड आहे. बारीक, सरळ टाक्यांचा. पहिल्या वेळी आम्ही तो घडीत दडवला होता. आता वाटते, तो फोटोत आधी यायला हवा होता, कारण ते लुगडे विरल्यावरही कुणीतरी टाकून दिले नाही याचा तो पुरावा आहे. विरणे हे कापडाचे उणेपण, पण दंड हे माणसाचे काम. निवड करणाऱ्याला हा भेद करता आला पाहिजे.

परत आलेल्या इरकलीचा फोटो आम्ही पुन्हा काढला, खिडकीच्या गजांवर ती पसरून. कापडातून गज दिसतात, बाहेरचे कडुलिंबाचे झाडही पुसटसे दिसते. आधीच्या चारांपैकी पदराचा एकच ठेवला आणि हा नवा फोटो सर्वांच्या वर लावला. खाली लिहिले: रंग पक्का, काठ मजबूत, मध्ये विरली आहे, नेसायला नव्हे, गोधडीला चांगली. किंमत निम्म्याहून कमी केली. हे लिहून होईपर्यंत साडी गेलेली नाही. इंदापूरच्या बाईंना मात्र तो फोटो आम्ही आवर्जून पाठवला. त्यांचे उत्तर आले, "आता बरोबर दिसते."