ऊझ नदीचा गाळ

वसंत व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी यंदा "इतिहासावर बोला" असे आम्हांस सांगितले, तेव्हा त्यांच्या मनात संपांचा इतिहास असावा. साखर कामगारांची संघटना बांधण्यात ज्याची तीस वर्षे गेली, त्याच्याकडून दुसरे काय ऐकायचे? पण आम्ही विषय निवडला तो एका इंग्रज बाईंचा आणि त्यांनी अभ्यासलेल्या जीवाणूंचा. आमचे शालेय शिक्षण सातवीवर थांबले. रसायनशास्त्राची तोंडओळख झाली ती वाचनालयात, आणि तीही एका प्रश्नाने पाठ धरली म्हणून.

तो प्रश्न असा. एका कारखान्याचे मळीमिश्रित पाणी ओढ्यातून नदीत उतरले. दोन दिवसांत मासे पांढरी पोटे वर करून तरंगू लागले. काठावर उभे राहवेना. गावकरी आमच्या कचेरीत आले, आणि आम्ही गप्प राहिलो. कारखाना बंद पडला तर हंगामी कामगारांनी खायचे काय, ही भीती खरी होती. पण त्याच कामगारांच्या घरात त्याच नदीचे पाणी भरले जात होते, हेही खरे होते. पाणी नेमके कशाने सडले हे आम्हांस ठाऊक नव्हते, आणि ठाऊक नसले म्हणजे गप्प बसणे सोपे जाते.

पुढे वाचता वाचता समजले की, साखर कारखान्याच्या सांडपाण्याने बिघडलेल्या एका नदीपाशी जीवरसायनशास्त्राचे एक मोठे प्रकरण सुरू झाले होते. ती नदी इंग्लंडातली ऊझ, कारखाना बीटाच्या साखरेचा, आणि त्या बाईंचे नाव मार्जरी स्टीफन्सन.

त्यांचा जन्म १८८५ सालचा, केंब्रिजजवळच्या बर्वेल गावचा. वडील शेतकरी. १९०३ साली त्या न्यूनहॅम या स्त्रियांच्या कॉलेजात गेल्या. त्या काळी विद्यापीठाच्या रसायनशाळेत मुलींना प्रयोगाला उभे राहता येत नसे. न्यूनहॅमची स्वतःची छोटी प्रयोगशाळा होती, तिथे त्या शिकल्या. १९०६ साली परीक्षा उत्तीर्ण झाल्या, पण पदवी मिळाली नाही. केंब्रिजने स्त्रियांना पूर्ण पदवी दिली ती १९४८ साली! वैद्यक शिकण्याची त्यांची इच्छा होती, पण पैसा नव्हता. म्हणून काही वर्षे गृहशास्त्र शिकविले. पुढे लंडनला संशोधनाची संधी मिळाली, १९१३ मध्ये शिष्यवृत्ती मिळाली, आणि लगेच महायुद्ध आले. ते सारे बाजूला ठेवून त्या रेडक्रॉसबरोबर फ्रान्स व सालोनिका येथे रुग्णांच्या स्वयंपाकघरांचे काम पाहावयास गेल्या. युद्ध संपल्यावर त्या केंब्रिजला, सर फ्रेडरिक गोलंड हॉपकिन्स यांच्या विभागात दाखल झाल्या. जीवनसत्त्वांच्या कामाबद्दल १९२९ साली नोबेल पारितोषिक मिळालेले ते हेच हॉपकिन्स. त्यांच्या प्रयोगशाळेचे दार स्त्रियांना उघडे होते.

आता त्यांनी केले काय? पाश्चर आणि कॉख यांच्यापासून जीवाणू म्हटला की लोकांना आठवे तो रोग. कॉलरा, क्षय, विषमज्वर. जीवाणू ओळखायचा आणि मारायचा, एवढाच त्याच्याशी संबंध. स्टीफन्सनबाईंनी वेगळे विचारले: हा जीव जगतो कसा? खातो काय, त्याचे करतो काय, आणि ते करण्यासाठी त्याच्याजवळ कोणती हत्यारे आहेत? या हत्यारांना आपण विकर म्हणतो. दुधाला विरजण लावणाऱ्या प्रत्येक गृहिणीने त्यांचे काम पाहिलेले आहे. एकेक विकर एकेकच काम करतो. एकाने तोडायचे, दुसऱ्याने जोडायचे. कारखान्यात गव्हाणीवरचा माणूस वेगळा आणि पॅनवरचा वेगळा, तसेच.

१८९७ साली एडुआर्ड बुखनर या जर्मन शास्त्रज्ञाने किण्व, म्हणजे यीस्ट, वाळूबरोबर खलून त्याचा रस पिळून काढला. त्या रसात एकही जिवंत पेशी नव्हती, तरी साखर घालताच तो फसफसू लागला. हत्यार कारागिराच्या हातातून वेगळे काढता येते, हे त्या दिवशी सिद्ध झाले. पण जीवाणू किण्वाहून कितीतरी लहान. एका मिलिमीटरमध्ये पाचशे ओळीने मावतील! त्यांची पेशी फोडून विकर बाहेर काढणे सोपे नव्हते. १९२८ साली स्टीफन्सनबाईंनी ते साधले. दह्याचा आंबटपणा ज्या लॅक्टिक आम्लाचा, त्यातून हायड्रोजन काढून घेणारा विकर त्यांनी जीवाणूंतून पेशीविरहित स्वरूपात मिळविला.

त्यानंतर आली ऊझ नदी. गोड सांडपाणी नदीत पडले की जीवाणूंना मेजवानीच. ते साखर फस्त करतात आणि ती करताना पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरून टाकतात. मासे मरतात ते गुदमरून. मग तळाच्या गाळात प्राणवायूवाचून जगणारे जीवाणू कामाला लागतात, आणि बुडबुडे, वास सुरू होतो. स्टीफन्सनबाई व त्यांचे सहकारी लेनर्ड स्टिकलंड यांनी या गाळातले जीवाणू प्रयोगशाळेत आणले. त्यांची पद्धत साधी होती. जीवाणू धुऊन स्वच्छ करायचे, अन्नाशिवाय ठेवायचे, म्हणजे त्यांची वाढ थांबते. मग एकच पदार्थ द्यायचा आणि त्याचे काय होते ते पाहायचे. निर्वात नळीत मेथिलिन ब्ल्यू हा निळा रंग घालून हायड्रोजन वायू सोडला, आणि निळा रंग उडाला! म्हणजे हायड्रोजनला कामाला लावणारा विकर त्या जीवाणूंत होता. १९३१ साली त्यांनी त्याचे नाव ठेवले हायड्रोजनेज. गाळात मिथेन कसा तयार होतो, हायड्रोजन त्यात कसा खर्ची पडतो, हे १९३३ सालच्या त्यांच्या लेखात आले. आपल्याकडच्या गोबरगॅसच्या टाकीत हेच चालते.

आणखी एक गोष्ट त्यांनी दाखविली. काही विकर जीवाणूंजवळ नेहमी नसतात. समोर तो पदार्थ आला म्हणजेच ते बनविले जातात. काम आले की हत्यार घडवायचे. या प्रश्नाचा पाठपुरावा पुढे पॅरिसला झाला, आणि जाकोब, मोनो व ल्वॉफ यांना १९६५ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आता आमच्या धंद्याची गोष्ट सांगतो. ही बाई १९२९ पर्यंत, म्हणजे वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षापर्यंत, दरसाल मंजूर होणाऱ्या अनुदानावर काम करीत होती. आमच्या भाषेत, हंगामी! १९२८ चे ते काम हंगामी असतानाच झाले. कोणी म्हणेल, पाहा, कायम नसतानाच माणूस चांगले काम करतो. हा युक्तिवाद आम्ही वाटाघाटींच्या टेबलावर पुष्कळदा ऐकला आहे. पण कायम झाल्यावर काय झाले ते पाहा: १९३० साली जीवाणूंच्या चयापचयावरचा त्यांचा ग्रंथ आला, १९३१ साली हायड्रोजनेज. पुढल्या सालची धास्ती गेली म्हणून हात सैल पडला नाही.

१६६० साली स्थापन झालेल्या रॉयल सोसायटीने १९४५ मध्ये पहिल्यांदा स्त्रियांना सदस्यत्व दिले. त्या दोघींपैकी एक कॅथलीन लॉन्सडेल, दुसऱ्या मार्जरी स्टीफन्सन. १९४७ साली विद्यापीठाने त्यांना रीडर केले. १९४८ च्या डिसेंबरात त्या वारल्या.

आपल्याकडचाही एक धागा येथे गुंफलेला आहे. दुर्गाबाई भागवतांच्या भगिनी कमला, पुढे सोहोनी, यांना १९३३ साली बंगळूरच्या विज्ञान संस्थेत सर सी. व्ही. रामन यांनी स्त्री म्हणून प्रवेश नाकारला. त्या हटून बसल्या, प्रवेश मिळविला, आणि मग केंब्रिजच्या त्याच न्यूनहॅम कॉलेजात, हॉपकिन्स यांच्या त्याच विभागात पोहोचल्या. बटाट्यावर काम करताना वनस्पतींतही सायटोक्रोम सी असतो हे त्यांनी दाखविले आणि १९३९ साली पीएच.डी. मिळविली.

असो. हे सारे वाचून झाल्यावर आमच्या मूळ प्रश्नाचे उत्तर आम्हांस मिळाले. मळीमिश्रित पाणी बंद टाकीत याच जीवाणूंच्या स्वाधीन केले, तर त्यातून मिथेन मिळतो व तो बॉयलरला जाळता येतो. अनेक आसवन्या आज तसे करतात. म्हणजे कारखाना की नदी, ही निवड आम्हांपुढे कधीच नव्हती. आम्ही ती आहे असे मानून गप्प बसलो होतो. पुढच्या करारात आम्ही पगाराच्या कलमांखाली सांडपाण्याचे एक कलम घातले. पहिल्याच बैठकीत ते खोडले गेले, आणि आमच्यातल्याही काहींना बरे वाटले. पुढच्या करारात आम्ही ते पुन्हा घातले आहे.