रिमांड होममधल्या मुलाचा वकील

यवतमाळात 'निरीक्षणगृह' कोण म्हणतं? सगळे 'रिमांड होम'च म्हणतात. तिथल्या मुलाला वकील फुकट मिळतो. विधी सेवा प्राधिकरण कायदा (१९८७) मुलाच्या बापाचं उत्पन्न विचारत नाही. पण कायद्याच्या आधी काय होतं, ते बघा.

मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनी देशभरच्या तुरुंगांत असलेल्या सोळा वर्षांखालच्या मुलांसाठी सुप्रीम कोर्टात याचिका केली. १९८६ मध्ये कोर्टाने सांगितलं: विधी साहाय्य मंडळाने प्रत्येक तुरुंगात आठवड्यातून एकदा दोन वकील पाठवायचे. 'प्रत्येक' म्हणजे यवतमाळचाही. मला यातलं 'पाठवायचे' महत्त्वाचं वाटतं. कोठडीतलं पोरगं वकील शोधायला जाणार कसं? उमरखेडचा मजूर बाप मजुरी बुडवून जिल्ह्याला किती वेळा येणार?

पुढचं वळण मात्र गमतीचं नाही. तारखा पडत राहिल्या. वैतागून बारसेंनी याचिका मागे घ्यायची परवानगी मागितली. १९८८ मध्ये कोर्टाने त्यांचं नाव काढलं, पण खटला सोडला नाही, विधी साहाय्य समितीकडे दिला. अशी याचिका एकट्या याचिकाकर्त्याची नसते, असं कोर्टाचं म्हणणं. मग ती कुणाची? मुलांची म्हणावी, तर त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

हाच पेच आजच्या वकिलापुढेही असतो. पोरगं म्हणतं, झरी-जामणीला घरी जायचंय. बाल न्याय मंडळाला वाटतं, इथेच बरं. २०१५ च्या कायद्यानुसार मुलाचं म्हणणं ऐकावंच लागतं. ते मंडळापुढे मांडायचं वकिलाने, स्वतःला पटलं नाही तरी.